ओढ्यातील हिरवळ काय सांगते?

आमच्या वस्तीमागील ओढ्यातून माझी आजी रविवारी सकाळी क्रेसॉनच्या जुड्या खुडून आणीत असे. जेथे क्रेसॉन वाढते तेथील पाणी निर्मळ, असा तिचा ठाम सिद्धांत होता. आज त्याच ओढ्यात दगडांवर केसांसारखे लांब शेवाळ लोंबते आणि खाली बंधाऱ्याच्या साचलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरली आहे. परवा एक वृद्ध शेजारी कौतुकाने म्हणाले, “मास्तर, ओढा किती हिरवागार झाला!” मला मात्र त्या हिरवेपणाचे भय वाटले.

बाटलीत भरलेला नमुना त्या घटकेचे पाणी दाखवितो. मूळ धरून उभी असलेली वनस्पती महिनोन्महिने वाहून गेलेल्या पाण्याची साक्ष देते. उसाच्या मळ्यांतील खते आणि घरांतील सांडपाणी ह्यांतून नत्र व स्फुरद ओढ्यात उतरतात, तेव्हा आधाशी वनस्पती फोफावतात व मितभुकी मागे हटतात. पुढे तो भार कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे, कामारों गुदमरतात. हिरवे म्हणजे निरोगी, हा आपला समज येथे साफ फसतो.

युरोपात ह्याच साक्षीचे शास्त्र झाले आहे. पूर्वीच्या एका ब्रिटिश पद्धतीत वनस्पतींना १ ते १० गुण देत असत. खतावलेल्या पाण्यातील क्लॅडोफोरा नावाच्या तंतुमय शेवाळास केवळ १. फ्रान्सने २००३ साली प्रमाणित केलेल्या पद्धतीत गुण ० ते २० असे आहेत. परंतु त्या याद्या तेथील नद्यांसाठी रचलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा मॉरिशसच्या ओढ्यांवर लादणे मला मान्य नाही. आपले ओढे आखूड नि उताराचे. एका चक्रीवादळाचा लोंढा सारी वनस्पती उखडून नेतो. दाट सावलीतही पात्र उघडे राहते. तेव्हा रिकाम्या पात्रावरून निकाल देण्याची घाई नको.

आजीचा सिद्धांतही अर्धाच खरा होता, हे लिहिताना संकोच वाटतो. क्रेसॉनला वाहते, थंड पाणी हवे हे खरे. पण खतावलेले पाणीही ते बऱ्यापैकी सोसते. शिवाय काठावर गुरे चरत असतील, तर यकृतकृमीच्या डोळ्यांस न दिसणाऱ्या पुटी त्याच्या पानांना चिकटलेल्या असू शकतात. असे क्रेसॉन कच्चे खाऊ नये. आजी ते नेहमी शिजवीत असे, हे आमचे भाग्य!

म्हणून माझी सूचना अशी. गणेशचतुर्थीच्या सुमारास वादळांचा हंगाम सरून बरेच महिने झालेले असतात, पाणी उतरलेले असते व वनस्पती स्थिरावलेल्या असतात. विसर्जनाची जागा पाहण्यास आपण ओढ्यावर जातोच. त्याच वेळी मुलांनी दरवर्षी ठरलेल्या त्याच पन्नास पावलांत कोणती वनस्पती किती पसरली, सावली किती, गाळ किती, हे वहीत लिहावे व एक छायाचित्र चिकटवावे. नाव ठाऊक नसल्यास पान वाळवून ठेवावे. ती वही शाळेच्या कपाटात कोंडू नये. समाजाच्या सभागृहात, प्रसादाच्या मेजाशेजारी, सर्वांना चाळता येईल अशी ठेवावी.