विकत घेतलेला खेळ कोणाचा?

अंधेरी पूर्वेस महाकाली लेण्यांकडे जाणारा रस्ता आमच्या वाचकांस परिचयाचा आहे. सन २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात ह्याच भागात पोलिसांस एक १६ वर्षांचा मुलगा सापडला. जोगेश्वरीच्या घरी पत्र ठेवून तो निघून गेला होता. 'पबजी' ह्या खेळातील खाते व नाणी मिळविण्याच्या पायी त्याने आईच्या बँकखात्यातून सुमारे १० लाख रुपये खर्चिले होते. वर्तमानपत्रांत ही हकीकत वाचून मुलाला बोल लावणे व पान उलटणे सोपे आहे. आम्हांस मात्र दुकानाकडेही पाहावेसे वाटते.

फाटकाबाहेरच्या गाडीवर पेरू घेतला तर हातचे पैसे गेले, हे लहान मुलासही दिसते. ह्या खेळांत तसे नाही. आधी रुपयांची एक कृत्रिम नाणी होतात. मग त्या नाण्यांचा पोशाख, बंदूक अथवा बंद पेटी. पेटीत काय आहे हे पैसे गेल्यावरच कळावयाचे! जत्रेतील चक्रवाल्यापाशी मुलाने उभे राहिलेले आपणांस खपत नाही. घरच्या बिछान्यावर बसून तेच चालले तर ध्यानातही येत नाही. बेल्जमच्या सरकारी आयोगाने २०१८ साली काही खेळांतील अशा पेट्या जुगारच होत असे ठरविले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याचा रोख मुख्यतः पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे.

मर्यादा घातल्या गेल्या नाहीत असे नव्हे. 'पबजी'वर २०२० साली बंदी आल्यावर पुढील वर्षी त्याची जी भारतीय आवृत्ती निघाली, तीत १८ वर्षांखालील मुलांस दिवसाकाठी ३ तास खेळ व ७,००० रुपये खर्च अशी सीमा होती. तासांची सीमा स्तुत्य आहे. परंतु रोजचे ७,००० म्हणजे महिन्याचे २,१०,००० रुपये! ही सीमा ठरविणाऱ्याने कोणाचे घर डोळ्यांपुढे ठेवले होते, हे कळावयास मार्ग नाही.

मोबाईलवरचा खेळ मुळात फुकट असतो, सबब धंद्यास कोठून तरी पैसा हवा, असे सांगण्यात येते. मग दूरचित्रवाणीस जोडावयाच्या कन्सोलचे काय? तेथे खेळ हजारो रुपयांस घेऊनही आत पुन्हा दुकान असतेच. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' ह्या खेळातील असल्या विक्रीवर २०१७ साली एवढा गहजब झाला की, खेळ बाजारात येण्याच्या ऐन तोंडावर ती थांबवावी लागली.

ह्याहून सूक्ष्म गोष्ट मालकीची होय. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावील आणि जुन्या चकत्या दुसऱ्यास देण्यावर बंधने राहतील, असे जाहीर केले. ग्राहक खवळले, व जूनमध्येच तो बेत मागे घ्यावा लागला. तथापि विचार मेला नाही. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने 'दि क्रू' ह्या खेळाचे सर्व्हर बंद केले. ज्यांनी तो मोल देऊन घेतला होता त्यांस एकट्याने खेळणेही अशक्य झाले. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या 'स्विच २' साठी मिळणाऱ्या काही कार्डांत खेळ नसून केवळ त्याची किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा.

कॅरमचा पट एकदा घरात आला की थोरला भाऊ, धाकटी बहीण, खालच्या मजल्यावरची मुले, सारी त्यावर खेळतात. कारखाना बुडाला म्हणून सोंगट्या अदृश्य होत नाहीत. खेळाची चकती मित्रास आठवडाभर देणे हाही तसाच व्यवहार, आणि ज्याच्या घरी नवे खेळ घेण्याची ऐपत नाही त्याला तर तेवढाच आधार. आमची खरी चिंता ह्या मुलाविषयी आहे.

मुलाच्या झोपेसाठी घातलेले बंधन आम्हांस मान्य आहे. विक्रेत्याच्या सोयीसाठी घातलेले नाही. खेळातील प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांतच दाखवावी आणि इंटरनेटवाचून खेळ चालेल की नाही हे वेष्टनावर ठळक छापावे, अशी सक्ती सरकारने केली पाहिजे. तोवर पालकांनी बँकेचे कार्ड यंत्रात साठवून ठेवू नये, व मुलासह दुकानी जाऊन, हा खेळ पुढे दुसऱ्यास देता येईल काय, असे स्पष्ट विचारावे. उत्तर नकारार्थी आल्यास किंमत त्या मानाने फार आहे असे बेधडक सांगावे.