शोकाला श्रोता हवा

उठावणा आटोपतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि दुकान उघडावे लागते. उधारीचे तगादे आणि जीएसटीची विवरणपत्रे कोणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत. व्यापारी कुटुंबात वियोगाची खरी कसोटी येथूनच सुरू होते. गादीवर बसलेला मुलगा वडिलांच्या हस्ताक्षरातील वही उघडतो. समोर गिऱ्हाईक असते, म्हणून डोळे कोरडे ठेवतो. घरात आईला हुंदका आवरला नाही, तर कोणीतरी हळूच बजावते, "रडू नये, आर्तध्यान होते, कर्मबंध होतो."

हे बजावणे शास्त्राला सोडून नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि प्रियजनाच्या वियोगाने होणारी तळमळ हा त्यांपैकी एक आहे. परंतु रोगाचे नाव सांगितल्याने रोग बरा होत नाही. रडण्याची बंदी झालेले मन आर्तध्यानातून सुटत नाही. ते एकांतात तेच करीत राहते.

मग उपाय कोणता? जैन रामकथेत त्याचा मार्ग दिसतो. लक्ष्मणाच्या मृत्यूनंतर बलभद्र राम सहा महिने तो देह खांद्यावर घेऊन फिरले. त्यास स्नान घालीत, घास भरवू पाहत, समजावणाऱ्यांवर संतापत. अखेर जटायू आणि सेनापती कृतांतवक्त्र यांचे जीव देवरूपाने आले. त्यांनी उपदेश केला नाही. ते रामांसमोर वाळलेल्या झाडाला पाणी घालू लागले, खडकावर बी पेरू लागले. 'हे व्यर्थ श्रम कशासाठी?' असे रामांनीच विचारले आणि त्या प्रश्नातून त्यांना स्वतःची अवस्था उमगली. त्यानंतरच लक्ष्मणाचा अंत्यसंस्कार झाला. दिगंबर परंपरेनुसार पुढे तुंगीगिरीवरून, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगीवरून, मोक्षास गेलेल्या या महापुरुषालाही शोकातून बाहेर येण्यास दुसऱ्याचा आधार लागला.

आजचा समुपदेशक याच वाटेने जातो. तो मृत व्यक्तीला विसरावयास सांगत नाही. 'रुग्णालयात एक दिवस आधी नेले असते तर' हा मनातील सल तो पूर्ण ऐकून घेतो आणि योग्य प्रश्नांनी दुःखिताला स्वतःच उत्तरापर्यंत पोहोचू देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे: किमान सहा महिने उलटूनही, समाजाच्या रूढीपेक्षा अधिक काळ, तीव्र शोकामुळे दैनंदिन जीवन कोलमडलेले असेल, तर उपचार हवेत. जगणेच नकोसे वाटत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

'लोकांना कळले तर सोयरीक जमेल का, बाजारातील पत राहील का,' ही भीती अनेकांना अडविते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

अनित्य आणि अशरण भावनांचे चिंतन, सामायिक, स्वाध्याय यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही; हलके झालेले मनच त्यांत स्थिर होते. समाजाने एवढे करावे: उठावण्याला गेलेल्यांनी महिन्याभराने पुन्हा त्या घरी जावे, गेलेल्याचे नाव आवर्जून घ्यावे आणि मग स्वतः गप्प राहून ऐकावे.