दात मोजून घ्या!

मोबाईल घेताना आपण मेगापिक्सल विचारतो, बाईक घेताना अ‍ॅव्हरेज आणि जीन्स घेताना कंबर... जाऊ द्या! पण एखाद्या वस्तूचे दात मोजून ती विकत घेतलीय कधी? माझे मागचे तीन शनिवार यातच गेले. मैत्रिणी ब्रंचला, आणि अस्मादिक भंगारात!

झालं असं, की नंदनवनात आमच्याकडे राहून डिप्लोमा करणाऱ्या मामेभावाचा फायनल इयरचा प्रोजेक्ट आलाय. विषय त्यानं घरातूनच उचलला. मामांच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून कुहीला गोठ्यातल्या कडबा-कुट्टीचं हातचाक मामी फिरवते. मोटार बसवा म्हणाल, तर गोठा शेतात. तिथं दिवसा लाईट असेलच याची गॅरंटी नाही. म्हणून पायानं पेडल मारून चालणारी कुट्टी. चौघा पोरांचं मिळून बजेट 18,000 रुपये. फक्त.

ही आयडिया हवेतली नाही बरं का. आपल्या नागपूरच्याच डॉ. जे. पी. मोडक यांनी माणसाच्या ताकदीवर फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर वर्षानुवर्षं काम केलंय. विटा पाडण्याचं पेडलवरचं मशीनही त्यातूनच आलं. 1994 साली मोडक आणि बापट यांचा या विषयावरचा पेपर ‘अप्लाइड अर्गोनॉमिक्स’मध्ये छापून आला होता. गंमत साधी आहे. आपण सायकलवर आरामात साधारण 100 वॅट देतो, तेवढ्यावर कुट्टीचं पातं अडतं. पण तेच 100 वॅट मिनिटभर जड चाकात साठवले आणि पाच सेकंदांत खर्च केले, तर हिशेबानं 1,200 वॅट हातात येतात. म्हणजे दीड हॉर्सपॉवरच्या वर! घर्षणात जाईल तेवढं वजा करा. आपला पगार महिनाभर साचतो आणि वीकेंडला उडतो, तसंच.

आता साठवलेली ताकद पात्याकडे नेताना वेग कमी आणि जोर जास्त हवा. तिथं लागतो मोठा गिअर. क्लच पडला की पहिला दणका त्याच्याच दातांवर. नव्या गिअरचा भाव विचारला, तर निम्मं बजेट तिथंच खलास. मग उरलं भंगार.

नंदनवनातून स्कूटी काढली की बगडगंजचा स्मॉल फॅक्टरी एरिया, लकडगंजच्या आरा मशिनी, इतवारीची लोहाओळी, सगळं हाकेच्या अंतरावर. मोठे गिअर येतात कुठून? जुन्या पॉवर प्रेसमधून, तेलाच्या घाण्यांतून, जिनिंगमधून. सिमेंट मिक्सरच्या ड्रमभोवतीची रिंग तर कुठंही मिळते, पण तिचे दात बहुधा नुसते ओतलेले असतात, खडबडीत. हळू फिरायला ठीक, फ्लायव्हीलच्या दणक्याला नाही. सरकारी कंपन्यांचं भंगार एमएसटीसीच्या ई-लिलावात जातं, पण तिथं ढीगच्या ढीग विकतात. आपल्याला हवा एक नग!

पहिल्या दोन शनिवारी हात काळे झाले, एवढंच. तिसऱ्या शनिवारी एका गोडाऊनमध्ये ढिगाखाली तो दिसला. आऱ्यांचा, स्टीलचा, माझ्या गुडघ्याच्या वर येणारा. पोरानं खडूनं खूण करून दात मोजायला घेतले.

‘ताई, ह्याले दात मोजून कोन घेते? वजनावर घ्या नं!’ मालक हसले.

मोजायचे ते असे. दात भरले 96. बाहेरचा व्यास 588 मिलिमीटर. दातांत दोन मिळवा, 98. 588 भागिले 98, उत्तर 6. हे झालं मॉड्यूल, म्हणजे दातांचा साईझ. ज्या दोन गिअरचं मॉड्यूल सारखं, तेच एकमेकांत बसतात. (पत्रिकेतले गुण यापेक्षा सोपे नसतात.)

शेजारच्या दुकानात 20 दातांचं जुनं पिनियन तयार होतं. डोळ्याला डिट्टो. व्यास मात्र 139.7 मिलिमीटर. भागिले 22, उत्तर 6.35! म्हणजे हे इंचाच्या मापातलं, जुन्या इंग्लिश मशीनचं. 6 मॉड्यूलचं असतं तर 132 भरलं असतं. स्वस्तात पडतंय म्हणून हे घातलं असतं, तर दणका एकेका दातावर आला असता आणि तुकडा पेडल मारणाऱ्याकडे. म्हणजे मामीकडे. नको रे बाबा.

मोठा गिअर टांगून हातोडीनं हलकेच वाजवला. घंटेसारखा घुमला. बद्द आवाज आला, की चीर समजायची. दाताच्या मुळाशी रॉकेल लावून पुसलं आणि वर खडू फासला. चिरेत तेल मुरलं असेल तर खडूवर रेघ उमटते. उमटली नाही. दातांवर थोडे खड्डे होते, ते चालतात.

मग भाव. भंगाराचे दोन भाव असतात. वितळवायला नेणाऱ्याचा एक, आणि वापरायला नेणाऱ्याचा दुसरा, जवळपास दुप्पट! आम्ही दात मोजले, तिथंच दुसऱ्यात गेलो. वर, ‘सोमवारी जालन्याच्या भट्टीले गाडी जाते, उद्या गॅसनं कापून टाकू.’ दबाव म्हणा, पण खरंही होतं. अख्खा गिअर ट्रकमध्ये नीट लागत नाही, म्हणून तुकडे करतात. मी तोल धरून होते. पोरगं मात्र त्या गिअरला हात लावून उभं. अशानं भाव पडतो का यार! शेवटी त्यानंच मामांच्या खांद्याचं सांगितलं. मालक गप्प झाले, काट्याकडे पाहिलं. 87 किलो. भंगाराचा भाव आणि वर हमालाचे दोनशे.

आता 20 दातांचं नवं पिनियन कापायला दिलंय. मोठं जुनं, छोटं नवं, हाच स्वस्तातला मार्ग. माझी अट एकच: गिअरला सगळीकडून जाळी बसल्याशिवाय कुणी पेडलवर बसायचं नाही. लुगड्याचा पदर जायला वेळ लागत नाही. काल मामीचा फोन होता. गिअरबद्दल तिला काही विचारायचं नव्हतं.

‘सीट खाली घ्या म्हणा त्याले. लुगड्यात टांग टाकता येत नाही मले.’