शाळा दुरुस्तीपूर्वी भिंती व लाकडाची ओल मोजण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बांधकाम विभाग, जिल्हा परिषद

विषय : गिलावा, रंगकाम व चौकटी बसवण्यापूर्वी मॉइश्चर मीटरने तपासणी सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

आम्ही कोकण किनाऱ्यावरील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य व पालक हे निवेदन सादर करीत आहोत.

शाळेच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात प्यायलेले पाणी तो फार सावकाश सोडतो. हाताला कोरडी लागणारी भिंत आतून ओली असू शकते. तिच्यावर रंग चढवला की पुढच्या पावसात पोपडे सुटतात, बुरशी धरते, आणि त्याच भिंतीला पाठ टेकून मुले बसतात. भिंत सुकली की नाही हे आज केवळ हात लावून ठरते. आमची हरकत त्याला आहे.

प्रत्येक उपविभागाला पिनांचा मॉइश्चर मीटर द्यावा. ओल वाढली की दोन पिनांमधला विद्युतरोध घटतो, तोच हा मीटर मोजतो. त्याचा आकडा लाकडासाठी बेतलेला असतो, त्यामुळे भिंतीवर तो टक्केवारी म्हणून वाचू नये. त्याच इमारतीतील खात्रीने कोरड्या भिंतीशी ताडून पाहावा. खाऱ्या हवेतल्या भिंतीत क्षार साचले तरी आकडा फुगतो. अशा शंकेच्या जागी गिलाव्याचा नमुना काढून कॅल्शियम कार्बाइडच्या उपकरणाने तपासावा. रस्त्याच्या कामात मातीसाठी हे उपकरण वापरात आहेच.

दारे-खिडक्यांच्या चौकटींचा ओलावाही त्या बसवण्याआधी मोजावा. लाकडात किती ओलावा चालेल हे आयएस २८७ या मानकात हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून दिलेले आहे. २० टक्क्यांवर ओलावा टिकून राहिला तर लाकूड कुजण्याचा धोका असतो.

गळती कायम ठेवून ओल मोजण्यात अर्थ नाही; कौले व पन्हळींची गळती आणि जोत्याची ओल आधी बंद करावी.

तपासणीची जागा, तारीख व आकडा मोजमाप पुस्तिकेत लिहावा, त्या वेळी समितीचा एक सदस्य हजर असावा, आणि ही नोंद नसल्यास ठेकेदाराचे अंतिम देयक अदा करू नये, ही आमची मुख्य मागणी आहे. कार्यादेशही दिवाळीनंतर लगेच निघावा. मार्चअखेरच्या घाईत लिंपलेल्या भिंतीला सुकायला वेळच मिळत नाही.

यावरील निर्णय १५ दिवसांत लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य व पालक