कात्री

ही एका फिल्म फेस्टिव्हलची हकीगत आहे. गावाचं नाव छापत नाही. अशी फेस्टिव्हलं आता तालुक्या-तालुक्याला भरतात.

माझ्या मित्राने बावीस मिनिटांची फिल्म केली. बाप नगरपालिकेत सफाई कामगार, त्याचीच गोष्ट. कॅमेरा भाड्याचा, नट वस्तीतले, जेवण आईच्या हातचं. फेस्टिव्हलमध्ये निवड झाली अन् आम्ही दोघं एसटीत बसलो. वाटेत त्याने लॅपटॉपवर फिल्म दाखवली. बाप कामावरून येतो, हातपाय धुतो, आरशात बघून भांग पाडतो. आरशाच्या वर बाबासाहेबांचा फोटो होता, बाप त्याला हात जोडायचा. मी पहिली कॉपी बघितलेली. आता बाप नुसताच भांग पाडतो.

"फोटो कुठाय?"

"काढला. नऊच सेकंद होते."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही रे. म्हटलं, उगं सिलेक्शनला नडायला नको. प्रचारकी म्हणतात."

कुणी नाही! माझं भांडण इथंच आहे.

फेस्टिव्हलवाल्यांनी फिल्म 'सामाजिक' विभागात टाकली, सकाळी नऊला. हॉलमध्ये अकरा माणसं. हॉल झाडणारी मावशी दाराबाहेर, कारण तिच्याकडं पास नाही. परीक्षक पाठ थोपटत म्हणाले, "छान! माणुसकी आहे, जातीचा कडवटपणा नाही." मित्र "थँक्यू सर" म्हणाला. कान मात्र लाल झालेले.

ह्यांना आपण चालतो कधी? गप्प असलो की, नाहीतर मेलो की. १९३६ च्या 'अछूत कन्या'त ब्राह्मणाचा पोरगा जगतो, रेल्वेखाली मरते ती अस्पृश्य कस्तुरी. १९५९ च्या 'सुजाता'त पोरीने रक्त दिलं तेव्हा कुठं ती घरातली झाली. डोळे पुसायला आपण, कथा त्यांची.

त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणातला नको तो भाग गाळायला सांगितलं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद भरली नाही. भाषण त्यांनी पदरच्या पैशाने छापलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यांना निदान कुणीतरी काप म्हणालं होतं. आपण तर न सांगताच कापायला बसलो!

काहीजण म्हणतील, भिंतीवर फोटो टांगला म्हणून फिल्म आंबेडकरी होत नाही. खरंय. फोटो पुढाऱ्यांच्या बॅनरवरही असतो. पण नागराज मंजुळेंची 'फँड्री' आठवा. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जब्या अन् त्याचं घर शाळेच्या भिंतीवरून जातं. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई रंगवलेले. कुणी एक शब्द बोलत नाही. ती भिंत काढा, मग उरतं नुसतं डुक्कर अन् तुमची हळहळ.

परतल्यावर विहारासमोर चादर बांधून वस्तीला फिल्म दाखवली. पास नाही, तिकीट नाही. जलशाला कुठं होतं तिकीट? सगळी वस्ती लोटली. पोरं शिट्ट्या मारत होती, बाप मागं अंधारात उभा. संपल्यावर एक म्हातारी उठली.

"समदं ब्येस हाय. पन घरात बाबासायबाची तसबीर न्हाई? तुजा बाप ऱ्हातो तरी कुनाच्या घरात?"

अकरा माणसांपुढं थँक्यू म्हणणाऱ्या पोराला इथं तोंड उघडता येईना. बाप काही बोलला नाही. त्या रात्री मित्राने नऊ सेकंद परत जोडले.

पुढच्या फेस्टिव्हलला हीच कॉपी जाणार. नाही घेतली तर नाही. चादर आहे, भाड्याचा प्रोजेक्टर आहे, विहाराचं अंगण आहे. फेस्टिव्हलला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, पुढच्या रांगेत बसा. पण बापाला घराबाहेर काढून जाऊ नका. कात्री त्यांच्या हातात असेल तर भांडू. ती आपल्याच खिशात निघाली, तर भांडायचं कुणाशी?

जयभीम.