माळ्यावरची फोटोची पावडर अजून चालेल का?

घर आवरताना माळ्यावर बाबांचा किंवा आजोबांचा जुना कॅमेरा सापडतो. सोबत दोन-चार ट्रे, डेव्हलपरच्या पावडरची पाकिटं, हायपोची बरणी आणि एखादा न धुतलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल. घरातल्या तरुण मंडळींना लगेच वाटतं, घरीच धुऊन बघू या, पावडर तर आहेच! जरा थांबा. रोल एकदाच धुता येतो. डेव्हलपर निकामी असेल आणि रोल तसाच फिक्सरमध्ये गेला, तर फिल्म कोरी निघते. त्यावरचे चेहरे मग कोणीही परत आणू शकत नाही.

पाकिटावरच्या तारखेपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की, आत हवा आणि ओल शिरली आहे का? कोडॅकचा डी-76 हा डेव्हलपर 1927 पासूनचा. त्याच्या मूळ सूत्रात 1 लिटरसाठी मेटॉल 2 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, बोरॅक्स 2 ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल 100 ग्रॅम असतं. चित्र उमटवतात ते मेटॉल आणि हायड्रोक्विनोन, पण हवा लागली की तेच तपकिरी पडतात. सल्फाइट त्यांना सांभाळतं, मात्र दमट हवेत ते स्वतःच हळूहळू सल्फेट बनतं आणि मग सांभाळायला कोणी उरत नाही. म्हणून कोरडं, सीलबंद पाकीट कित्येक वर्षांनीही चांगलं निघू शकतं, आणि टाचणीएवढं भोक पडलेलं पाकीट एका पावसाळ्यातही वाया जाऊ शकतं. पावडर पांढरी किंवा किंचित सायीच्या रंगाची, मोकळी असेल तर आशा आहे. तपकिरी किंवा दगडासारखी घट्ट झाली असेल तर टाकून द्या.

काटकसर म्हणून अर्धंच पाकीट कालवू नका. चिवड्याच्या डब्यात शेंगदाणे तळाशी जातात ना, तसंच पाकिटातही होतं. दोन ग्रॅम मेटॉल नेमकं कुठल्या अर्ध्यात गेलं, हे कसं कळणार? पूर्ण पाकीट एकदम विरघळवायचं.

ठेवायची जागा कोरडी आणि थंड हवी. कोलकाता, चेन्नई, मुंबई, कोची इथे राहत असाल तर पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नागपूर किंवा जयपूरकडे त्रास उन्हाचा. हायपोचे स्फटिक साधारण 48 अंशांवर स्वतःतल्याच पाण्यात वितळतात, त्यामुळे पत्र्याखालचा माळा त्यांच्यासाठी नाही. फ्रिजही नको. बाहेर काढल्यावर पाकिटावर दव धरतं, आणि मुळात खाण्याच्या वस्तूंशेजारी ही रसायनं कशाला?

घरात लहान मुलं असतील तर हे आधी वाचा. जुन्या बरण्यांमधली बिननावाची पांढरी पावडर मीठ-साखरेसारखीच दिसते. हायड्रोक्विनोन पोटात जाणं घातक आहे आणि मेटॉलने अनेकांच्या हातांवर पुरळ उठतं. ओळख पटत नसलेली बरणी चाखून-हुंगून बघू नका, तिचा मोह सोडा. पावडर कालवताना हातमोजे आणि मास्क घाला, खिडकी उघडा, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका. चमचा आणि भांडंही कायमचं वेगळं ठेवा.

पाण्यात विरघळल्यावर मात्र आयुष्य झपाट्याने कमी होतं. डी-76चं न पातळ केलेलं द्रावण काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सुमारे 6 महिने टिकतं, अर्ध्या रिकाम्या बाटलीत जेमतेम 2 महिने. म्हणून एका मोठ्या बाटलीऐवजी चार लहान बाटल्या घ्या. पातळी खाली गेली तर स्वच्छ काचेच्या गोट्या टाकून वर आणा (मुलांकडून उसन्या घेतलेल्या परत देऊ नका). कोल्ड्रिंकच्या बाटल्या हवा चांगली अडवतात, पण तहानलेलं मूल लेबल वाचत नाही. औषधाच्या तपकिरी काचेच्या बाटल्या बऱ्या, वर नाव आणि कालवल्याची तारीख ठळक लिहा आणि कुलपात ठेवा.

द्रावण चहासारखं गडद झालं की ते गेलं. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. एक्सटॉलसारखा डेव्हलपर रंग न बदलताच निकामी होतो. खात्रीचा उपाय सोपा आहे. दुसऱ्या एखाद्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मची, उजेड लागलेली जीभ कापा आणि भर उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवा. काही मिनिटांत ती गडद काळी व्हायला हवी. करडीच राहिली तर द्रावण कामाचं नाही. तसाच एक कोरडा तुकडा फिक्सरमध्ये टाका, तो काही मिनिटांत पारदर्शक झाला पाहिजे. फिक्सर दुधाळ झाला असेल, तळाशी पिवळट गाळ असेल तर तपासायचीही गरज नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो कुंड्यांना घालू नका.

आणि तो माळ्यावरचा रोल? चाचणीत तुकडा काळाकुट्ट झाला तरी त्याच्यासाठी मी नवीनच पाकीट आणीन. जुनी पावडर मुलांनी गच्चीवर काढलेल्या सरावाच्या फोटोंसाठी वापरा.