चौथ्या पाण्याला काय उरतं?

फळांच्या स्वादाचा पू-अर चहा आता मोठ्या शहरांतल्या चहाच्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतो. पाकिटावर संत्र्याचं किंवा स्ट्रॉबेरीचं रसरशीत चित्र, आत काळपट पानांत मिसळलेले सुक्या सफरचंदाचे तुकडे, लाल अंबाडीची बोंडं, आणि पाकीट फोडताच खोलीभर पसरणारा गोड वास. या चहाबद्दलची दोन मतं ठरलेली आहेत. दर्दी म्हणतात, हा चहाच नव्हे, चांगल्या चहाची विटंबना आहे. बाकीचे म्हणतात, ज्याला जे आवडेल ते त्यानं प्यावं, एवढा काथ्याकूट कशाला. दोन्ही मतांत एक सोय आहे: कपातला चहा नीट चाखून पाहण्याचे कष्ट वाचतात. पू-अरमध्ये फळ घालण्यात वावगं काहीच नाही. ती रीत खुद्द चीनमध्ये आहे आणि तिथे ती कसबानं पाळली जाते. वावगं आहे ते पुरत्या न मुरलेल्या चहावर फळाच्या वासाचं पांघरूण घालून तो मुरलेल्या चहाच्या नावावर खपवणं. हा फरक पहिल्या घोटाला कळत नाही. तो कळतो तिसऱ्या-चौथ्या पाण्याला.

त्यासाठी पू-अर मुळात काय आहे ते पाहावं लागतं. चीनच्या नैर्ऋत्येला असलेल्या युन्नान प्रांतातल्या मोठ्या पानांच्या झाडांपासून हा चहा होतो. हे झाड आणि आसामच्या मळ्यांतलं झाड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एकाच, असामिका वाणाचं. म्हणजे आपल्या घरी रोज उकळणाऱ्या चहाचा हा जवळचा नातलग. पानं कढईत परततात, मळतात आणि उन्हात वाळवतात. युन्नानच्या ठरावीक भागातल्या, अशा उन्हात वाळवलेल्या पानांच्याच चहाला हे नाव लावता येतं, असं चीनचं 2008 सालचं राष्ट्रीय मानक सांगतं. मग पानं वाफेवर मऊ करून त्यांच्या चकत्या दाबतात. पारंपरिक चकती 357 ग्रॅमची असते आणि अशा सात चकत्यांची चवड बांबूच्या सालपटात बांधतात. ही झाली ‘शंग’ म्हणजे कच्ची चकती. ती वर्षानुवर्षं मुरते, तेव्हा कुठे तिचा तुरटपणा उतरतो. एवढं थांबायला बाजार तयार नव्हता, म्हणून 1970च्या दशकात कुनमिंगच्या चहा कारखान्यात ‘वो दुइ’ ही पद्धत बसवण्यात आली. पानांचा मोठा ढीग घालायचा, पाणी शिंपडायचं, कापडानं झाकायचं आणि दीड-दोन महिने मधूनमधून उलथत राहायचं. ढिगाच्या पोटातलं तापमान 50 ते 60 अंशांपर्यंत चढतं, बुरश्या आणि जीवाणू पानातल्या तुरट द्रव्यांचं रूप पालटतात आणि काळसर, गुळगुळीत घोटाचा ‘शौ’ म्हणजे पिकवलेला चहा हाती येतो. खोट एकच. ढिगातून नुकत्याच निघालेल्या चहाला ओलसर, कुबट, कधीकधी मासळीकडे झुकणारा वास असतो. हवेशीर, कोरड्या जागी काही वर्षं ठेवला की तो वास उडतो आणि मागे ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा गंध उरतो. पैसे मोजले जातात ते या गंधासाठी. पण काही वर्षं माल गोदामात ठेवायचा म्हणजे भांडवल अडकवून बसायचं. स्वाद फवारण्याचा मोह नेमका इथे होतो, कारण काही वर्षांच्या गोदामभाड्यापेक्षा अर्काची बाटली केव्हाही स्वस्त पडते.

चहात चहाशिवाय काही असूच नये, हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप जुना आणि मातब्बर आहे. आठव्या शतकात लू यू यानं चहावरचा आद्य ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं कांदापात, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना असलं काय काय घालून चहा उकळणाऱ्यांना फैलावर घेतलं आणि त्या काढ्याची लायकी गटारात ओतण्याएवढी ठरवली. लू यूचा पुरता मान राखूनही त्याच्या तक्रारीतून एक गोष्ट उघड होते: बाराशे वर्षांपूर्वी लोक चहात संत्र्याची साल घालत होते. तो रागावला म्हणून ते थांबलेही नाहीत. हाँगकाँगच्या उपाहारगृहांत शेवंतीची फुलं घातलेला पू-अर आजही रोजचा आहे. मोगऱ्याच्या चहाची तऱ्हा तर त्याहून पाहण्यासारखी. रात्री उमलणाऱ्या मोगऱ्याच्या कळ्या चहाच्या पानांत मिसळून ठेवतात, वास ओढून घेतला की फुलं चाळून काढतात, आणि ताजी फुलं आणून हेच पुन्हापुन्हा करतात. उत्तम प्रतीच्या मोगरा-चहात शेवटी फूल शोधूनही फारसं सापडत नाही. पाकिटात फळाचे तुकडे दिसले म्हणजे फळ खरं, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आसपासचा वास शोषून घेणं हा चहाच्या पानाचा अंगचा गुण आहे आणि तो कारागीर वापरतो तसा लबाड व्यापारीही. इंग्लंडमध्ये 1837 साली एका पेढीवर चहाला बर्गमॉटचा वास चढवून विकल्याचा ठपका आला होता. पुढे तोच बर्गमॉट अर्ल ग्रे या नावानं प्रतिष्ठित घरांत गेला. वास तोच, फळही तेच. फरक इतकाच की आता गिऱ्हाइकाला तो सांगून विकला जात होता.

फळ आणि पू-अर यांची जोडी जमते कशी, हे पाहायचं तर ग्वांगडोंग प्रांतातल्या शिन्ह्वेइला जावं. तिथल्या मँडरिन संत्र्याची वाळवून मुरवलेली साल, छेनफी, शतकानुशतकं औषधात आणि स्वयंपाकात वापरली जाते. ते नाव मिळायला साल किमान तीन वर्षं जुनी असावी लागते. याच फळात पू-अर भरलेला चहा गेल्या दशकात चीनभर लोकप्रिय झाला. त्यातल्या हिरव्या, लहान फळाच्या प्रकाराला ‘श्याओ छिंग कान’ म्हणतात. उन्हाळ्याच्या भरात, फळ अजून कडक आणि हिरवंगार असतानाच तोडतात. वरची छोटी चकती कापून गर खरवडून काढतात, पोकळ साल धुतात, आत बारीक पानांचा शौ पू-अर भरतात, चकतीचं झाकण परत बसवतात आणि अख्खं फळ उन्हात किंवा मंद आचेवर वाळवतात. वाळलेलं फळ उजेडात धरलं तर गडद हिरव्या सालीवर तेलाच्या बारीक पिशव्यांचे ठिपके दाटीवाटीनं दिसतात. सगळी करामत त्या पिशव्यांची. संत्र्याचा वास तिथे तेलाच्या रूपात कोंडलेला असतो आणि वाळताना, मग साठवणीत, थोडाथोडा चहात उतरत राहतो. गर मात्र पूर्ण टाकलेला असतो, हे विसरू नये: फळाचा रस, आंबटपणा, साखर यांतलं काहीही चहापर्यंत पोचत नाही.

सालीला दोन-तीन भोकं पाडून तिच्यावर उकळतं पाणी ओतलं की पहिल्या पाण्यात सालच बोलते: झणझणीत, किंचित कडू, जिभेच्या कडेला गारवा. दुसऱ्या पाण्याला साल फुगते, नरम पडते आणि तिच्यामागून चहा डोकावतो. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला रंग काळसर लाल होतो, घोट जाड लागतो, मातीचा गंध पुढे येतो आणि घोट उतरल्यावर संत्र्याची एक कड मागे राहते. पुढची तीन-चार पाणी दोघं बरोबरीनं उतरत जातात. शौ पू-अर एकटा असला की काहींना जड, मातकट वाटतो. सालीचं तीक्ष्ण तेल तो जडपणा कापतं. साल एकटी कडू लागते, तिला चहाचा गुळगुळीतपणा सावरून घेतो. यात कोणी कोणाला झाकत नाही.

स्वाद फवारलेल्या मिश्रणालाही अगदी हीच वागणूक द्यावी. पाच ग्रॅम मिश्रण, 100 मिलिलिटर उकळतं पाणी, अर्ध्या मिनिटात गाळून घ्यायचं, पुन्हा पाणी ओतायचं. पहिल्या कपाला स्ट्रॉबेरी अंगावर येते, पण ती शाळेसमोरच्या दुकानातल्या गोळीची स्ट्रॉबेरी. या स्वादांतली फळगंधी द्रव्यं हलकी, चटकन उडणारी असतात. पानाच्या पृष्ठभागावर बसलेली असल्यानं पहिल्या उकळत्या पाण्याबरोबरच बरीचशी निघून जातात. दुसऱ्या कपाला फळ आठवणीपुरतं उरतं. अंबाडीची बोंडं कपाला देखणा लाल रंग देतात खरी, पण त्यांचा आंबटपणा शौ चहाच्या गुळगुळीत घोटावर ओरखडा काढतो. सफरचंदाचे तुकडे बव्हंशी शोभेचे. तिसऱ्या पाण्यापर्यंत पांघरूण सरकलेलं असतं, आणि खालचा चहा कोवळा, ढिगाचा वास न गेलेला असेल तर तो कुबटपणा चौथ्या कपात उघडा पडतो. अशा बऱ्याच पाकिटांवर पाच-सात मिनिटं चहा भिजू द्या, असं सांगून सगळा ऐवज एकाच मोठ्या कपात उरकायला लावतात. ती सूचना गिऱ्हाइकाच्या सोयीची असेलही; विकणाऱ्याच्या सोयीची तर नक्कीच आहे. मात्र एक मान्य केलं पाहिजे. खाली चांगला, मुरलेला शौ असेल तर स्वाद उडून गेल्यावरही चौथ्या पाण्याला चहा शाबूत राहतो, आणि असं मिश्रण या कसोटीला उतरतं. स्वाद नैसर्गिक की कृत्रिम, हा वाद त्या मानानं दुय्यम आहे.

चार-चार पाणी काढत बसायला वेळ कोणाला आहे, असं कोणी म्हणेल. कचेरीत एक पिशवी, एक कप, संपलं. हरकत रास्त आहे, पण मग पू-अर कशाला? या चहाची किंमत आहे ती त्याच्या वयाची आणि दमाची. एकाच कपापुरता स्ट्रॉबेरीचा वास हवा असेल तर साध्या काळ्या चहावरही तो तितकाच छान बसतो आणि खिशाला परवडतो. आवडीनिवडीचा मुद्दा काढणाऱ्यांशी तर भांडण नाहीच. चहात काही घालावं की नाही हे मराठी घराला कोणी शिकवायची गरज नाही. गवती चहाची पात, ठेचलेलं आलं, वेलदोडा हे सगळं आपण आधणात टाकतोच. पण पात भांड्यात दिसते, आलं जिभेला लागतं, आणि चहा पावडर हलकी असेल तर आलं घालूनही ती हलकीच लागते. उरतो तो नवख्यांचा मुद्दा: मातकट वासाला बिचकणारा माणूस फळाच्या आमिषानं तरी पू-अरकडे वळेल. वळेलही. पण स्ट्रॉबेरीच्या गोळीनं त्याला स्ट्रॉबेरीच ओळखीची होते. पू-अरशी गाठ पडायची तर तिसऱ्या कपात चहा शिल्लक असावा लागतो. (वजन घटवण्यासाठी म्हणून फळांचा पू-अर घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं? चवीची चर्चा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.)

पाकिटावरचं चित्र आणि पाकिटातला माल यांचं नातं काय असावं, यावर युरोपात एक चांगला निकाल आहे. जर्मनीतल्या टीकान या कंपनीच्या एका फ्रूट टीच्या वेष्टनावर रासबेरी आणि व्हॅनिलाची चित्रं होती. आत मात्र या दोहोंपैकी कशाचाही अंश नव्हता, नुसते त्यांच्या चवीचे स्वाद होते. घटकांची यादी बरोबर छापलेली होती आणि तेवढ्यावर कंपनी निर्धास्त होती. ग्राहक संघटनांच्या महासंघानं दावा लावला आणि 4 जून 2015 रोजी युरोपीय न्यायालयानं सांगितलं, की घटकांची यादी अचूक असली तरी एकूण वेष्टन गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारं ठरू शकतं. तो माल पू-अर नव्हता, पण युक्तिवाद इथे जसाच्या तसा लागू पडतो. भारतात स्वाद लावलेल्या चहाच्या पाकिटावर तसं स्पष्ट लिहावं लागतं, आणि ते लिहिलेलंही असतं, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. समोरच्या बाजूला अख्खं संत्रं सोललेलं असतं.

आता शेवटची हरकत, आणि ती सर्वांत वजनदार. खऱ्या सालीनं तरी खात्री कुठे मिळते? मिळत नाही. शिन्ह्वेइच्या नावाखाली दुसरीकडची संत्री खपवली जातात. जुन्या सालीला साध्या चहापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळत असल्यानं नवी साल जुनी भासवण्याचे धंदेही चालतात. फळाच्या पोटात काय भरलं आहे हे तर पाणी ओतल्याशिवाय दिसतच नाही, त्यामुळे महागड्या सालीत हलका चहा कोंबणं सोपं जातं. म्हणजे अख्खं, अस्सल फळ समोर असलं तरी चौथ्या पाण्याची कसोटी टळत नाही. विकत घेण्याआधी ती लावता येत नाही, ही तिची मर्यादा. ती भरून काढायला वर्ष छापणं एवढंच पुरेसं होईल. पू-अरची चकती विकताना तिच्या वेष्टनावर उत्पादनाची तारीख असते, छेनफी तर वयानुसारच विकली जाते. वेगवेगळी विकताना वयाचा भाव लावून घेणारे हे दोन जिन्नस रंगीत पाकिटात एकत्र आले, की सहसा दोघांचंही वय बेपत्ता होतं आणि उरते ती फक्त पाकीट भरल्याची तारीख. चहा ढिगातून कोणत्या साली निघाला आणि साल कोणत्या वर्षीच्या फळाची, हे दोन आकडे संत्र्याच्या चित्राशेजारी सहज मावतील.